रिकाम्या हातानं चालणं

हिंगणी,
फागुनातली एक दुपार

तीर्थस्वरूप आनंदाबाईच्या पायावर गिरजाचं डोकं. (ठेवलं असं समजजो. खरंच वाकली तर मले उठवाले दोन माणसं लागतात, अन् घरात सध्या मी अन् मांजर.) तुही तब्येत कशी हाय हे विचारत नाई, कारण तुह्या सुनेनं, मोहिनीनं, फोनवर सगळं सांगतलं. दिवाळीपासून तू खाटीवर पडून हाय, तोंड भिंतीकडे. वाढलं तर जेवतं, नाई वाढलं तर मागत नाई. मोहिनीनं लय खोदून विचारलं तवा एकदाच म्हणलं म्हणे, "आता काय राह्यलं?" अन् मंग जी गप झाली ते झालीच. डागदरनं तळेगावात घरी येऊन तपासलं, आंगात काईच निघालं नाई. मी फोन लावतो तर मोहिनी तो तुह्या कानाले लावते. मी बोलतो, बोलतो, बोलतो, अन् तिकडून नुसता पंख्याचा आवाज येते. हूं नाई का चूं नाई. म्हणून म्हणलं, पत्र लिवतो. पत्राले हूं लागत नाई. मोहिनी वाचन, तू आयक. भिंतीकडे तोंड असलं तरी काई हरकत नाई, कान दोन्ही बाजूले देले देवानं. (माही शाळा चौथीपर्यंत, अन् त्यातही अर्धी चौथी वावरात. काना-मात्रा राह्यली तर मोहिनी, तू आपल्या मनानं घालजो. जास्तीची झाली तर तुह्याकडेच ठेवजो.)

इकडे आम्ही सगळे मजेत. माह्या पोराचे, लहानूचे, वांगे यंदा असे आले की झाडं वाकली. सुनेची, प्रमिलाची, कंबर हाय तशीच हाय. नात गुंजन वर्ध्याले शिकते, शनवारी येते अन् आल्या आल्या झोपते. गायीले कालवड झाली, कपाळावर पांढरा टिक्का, आपल्या माहेरच्या चांदीसारखी. तुले चांदी आठवते का? तुह्या लग्नात तिनं मांडवाचे आंब्याचे पानं खाल्लते, अन् तुहा सासरा रुसलता. पण मी भलत्याच गोठीत शिरली. मुद्दा हा हाय बाई, की मी तुले चालाले लावणार हाय. लहान तोंडी मोठा घास हाय, मले माहीत हाय. हसाचं असन तर हास. (मोहिनी, इथी जराशी थांब अन् पाह्य, हसली का? नाई? बरं. वाच पुढं.)

आधी माह्या मनाचं सांगतो, कारण तुह्या मनाचं तू सांगत नाई. कार्तिकातली गोठ हाय. मेथी लय निघालती. मी नेहमीसारखी ओसरीत बसून जुड्या बांधल्या. आपल्या मायच्या घरी तूच शिकवलं होतं मले, मूठभर भाजी, बुडं सारखे, केळीच्या सोपटाचा वेढा अन् अंगठ्यानं दाबून पीळ. माही जुडी सेलूच्या बाजारात पोत्यातून उलटी टाकली तरी सुटत नोती. बाया म्हणत, गिरजाबाईची जुडी नवऱ्यानं सोडाव, बायकोचं काम नाई ते. तर त्या दिवशी जुड्या बांधून मी आंगणात पाय धुवाले गेली, अन् परत येऊन पाह्यतो तर प्रमिला तिकडे तोंड करून बसलेली. माही एकएक जुडी सोडून पुन्हा बांधून राह्यली. पाठमोरी काऊन बसली, तर मले दिसू नये म्हणून. नंतर समजलं, दोन-तीन बाजारापासून माह्या जुड्या गाडीतच सुटून जात होत्या. अंगठ्यात जोर राह्यला नाई व बाई. तो दाबल्यासारखा वाटते, पण दबत नाई.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाले मी तयार असतो, तुले माहीत हाय. पण लेकरू गुणाचं हाय. दुसऱ्या दिवशी चहा आणून देला अन् म्हणलं, "आई, लय केलं तुम्ही. आता आराम करा." चहात साखर बरोबर होती, पण कप मी तसाच परत देला. तवापासून मीही खाटीवर पडली. मीही भिंत पाह्यली, म्हणून तुह्या भिंतीबद्दल मी वाईट बोलणार नाई. भिंत लय चांगली असते. आराम करा म्हणत नाई. आमच्या भिंतीले पोपडे आलेले, त्यातला एक तर हुबेहूब कारंज्याच्या मामाचं नाक. मी दिवसभर त्या नाकाकडे पाह्यत राहो. इतक्या वर्षात मामाची आठवण कोणी इतकी काढली नसन, मामीनंही नाई.

मंग लहानूनं मले सेलूले दाखवाले नेलं. तिथी एक नवी डागदरीण, आपल्या गुंजनएवढी. रक्त काढलं, छातीले थंडगार चकती लावली, जीभ पाह्यली, अन् म्हणते, आजी, काई नाई झालं, वय झालं. मन खाली गेलं हाय, ते वर आणाले रोज सकाळी फिरत जा. मी म्हणलं, अन् गोळी? तर म्हणते, फिरणं हेच औषध. (इतक्या दुरून गेलती, निदान एखादी पिवळी गोळी तरी द्याव. पिवळी गोळी घेतली की माणसाले वाटते, आपल्याले काईतरी झालं होतं.) वरून म्हणते, चालतांना बोलू नोका, दम लागन. मले! बोलू नोको म्हणते!

आता चालणं काई आपल्याले नवं नाई. जलमभर चाललो. वावरात चाललो, विहिरीवर चाललो, मोळी घेऊन, लेकरू घेऊन, बाजाराचं गाठोडं घेऊन. पण रिकाम्या हातानं चालाचं कसं, ते मले समजेच ना. हात ठेवाचे कुठी? खाली पाह्यलं तर दोन्ही हात आंगाच्या बाजूले असे लटकून राह्यलेले, जसे कोणा दुसऱ्याचे, अन् मी फक्त पोचवाले चालली. अन् लोकं? आपल्याकडे कोणी पायी दिसलं की त्याले तसंच सोडून जाणं लोकाईले पाप वाटते. पयल्याच दिवशी ताराचंद दूधवाल्यानं फटफटी थांबवली. कुठी चालली माय? मी म्हणलं, कुठीच नाई, अशीच. त्यानं माह्या तोंडाकडे पाह्यलं अन् म्हणलं, बस. मी नाई म्हणलं, तर तो म्हणते, सुनेशी भांडली असन तरी बस, घरचं घरी पाहू. बाई, दोन दुधाच्या कॅनाच्या मधात बसवून त्यानं मले थेट सेलूच्या बसस्टँडवर नेऊन सोडलं! त्याले वाटलं, मी लेकीकडे पळून चालली. (मले लेकच नाई, हे त्याले माहीत हाय. पण रागावलेल्या बुढीले लेक असतेच असं लोकाईचं मत हाय.) घरी आली तवा दुपार झालती अन् गावभर झालतं की गिरजाबाई रुसून गेलती. प्रमिला बिचारी भाकरी टाकता टाकता रडून राह्यली. लहानू म्हणते, आई, फिराचं तर आंगणात फीर. आंगणात? घाण्याच्या बैलासारखी? अन् धरणाच्या वाटेनं जायची तर त्यानं बंदीच केली, तिकडे वाघ दिसला म्हणते. मी म्हणलं, वाघाले काय हाडकं चाखाचे हाय का.

मंग मी हातात विळा घेऊन निघाले लागली. विळा असला की कोणी काई विचारत नाई. पण बाई, हातात विळा असला की हिरवं गवत दिसते, अन् गवत दिसलं की हात राह्यते का? कापलंच. अन् कापलं ते टाकून कसं यावं? डोक्शावर भारा घेऊन घरी आली अन् मान अशी धरली की दोन दिवस मी सगळ्यांकडे तिरपंच पाह्यलं. प्रमिलाले वाटलं, मी अजून रागात हाय. फक्त गाय खूश.

आता खरी गोठ. त्या दिवशी मी ठरवलं, विळा नाई, पिशवी नाई, काई नाई. डागदरणीनं सांगतलं तसं रिकाम्या हातानं, गप, नाल्याच्या पलीकडे जाऊन याचं. थंडी होती म्हणून डोक्शावरून पदर घट्ट. चांगले लुगडे धुवाले टाकलते, म्हणून ते जुनं, पांढरं पडलेलं नेसली. चप्पल चावत होती ते वाटेले लागताच झुडपात ठेवली, अन् अनवाणी झाली म्हणून काट्याच्या भेवानं मान खाली घालून चालली. डोळ्यात सकाळीच मोतीबिंदूचे थेंब टाकलते, ते गालावरून वाहून राह्यलते. आता मोहिनी शहरातली पोरगी, तिच्यासाठी लिवतो. मयताच्या घरी बसाले जाची आपल्यात रीत अशीच हाय. हातात काई घ्याचं नाई. जाणाऱ्याले कुठी चालली म्हणून विचाराचं नाई, मागून हाक माराची नाई. ज्या बाईनं पाह्यलं तिनं हातचं काम टाकून गपचूप मागं लागाचं. अन् तिथून निघतांना "येतो" म्हणाचं नाई, नुसतं उठाचं. तुह्या ध्यानात आलं ना बाई? मले नाई आलं!

पयली मागं लागली कुसुमबाई. आमच्या घरामागं राह्यते, बोलाले लागली तर रेडिओ बंद करावा लागते. ती पंपावर धुणं धूत होती. मले पाह्यलं अन् धुणं तसंच टाकून मागं आली, एक शब्द न बोलता. मले इतका आनंद झाला! मीच तिले सांगतलं होतं, डागदरीण म्हणते चालतांना बोलाचं नाई. म्हणलं, पाह्य, कुसुमबाईले पटलं! मंग वावरातून कवडूची माय आली, हातचा सांबार, मोहिनी तुही कोथिंबीर, धुऱ्याच्या बांधावर टाकून. मंग आणखी दोघी. मी पदराआडून मागं पाह्यलं तर सगळ्या माना खाली घालून, ओळीनं, माह्यासारख्याच. मले वाटलं, हिंगणीत आता क्रांती झाली. म्हाताऱ्या बाया तब्येतीसाठी चालून राह्यल्या! मले हुरूप आला, मी पाय उचलले. त्यांनीही उचलले. (त्याहिले वाटलं, मयत उचलाची वेळ झाली म्हणून मी धावून राह्यली.) म्हणलं, या तर मले मागं टाकतील, मी अजून जोरात. नाल्याच्या चढावर तर आम्ही सगळ्या जवळजवळ पळूनच राह्यलो होतो, अन् कोणाच्या तोंडून शब्द नाई.

नाल्यापलीकडे पयलं घर नत्थूजीचं. एकटा माणूस. बायको, शांताबाई, मागच्याच्या मागच्या साली गेली, पोरगा नागपूरले कंपनीत. मले तहान लागलती, म्हणून मी त्याच्या आंगणात वळली. अन् नत्थूजी कोवळ्या उन्हात खाटीवर, डोक्शापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढून झोपलेला. मी पाण्याचा माठ पाहून राह्यली, अन् माह्या मागं कुसुमबाईनं असा गळा काढला की झाडावरचे बगळे उडाले. "अरे माह्या नत्थूभाऊ, कसा गेला रे न सांगता! माह्या घरची लाइट गेली तर शिडी घेऊन कोण येईन रे! माह्या नातीच्या लग्नात बुंदी कोण झारन रे!" सगळ्या बाया खाली बसल्या, पदर तोंडाले, अन् सुरू. मीही बसली, बाई. मले वाटलं, माह्या आधी यांना समजलं होतं, मीच येडी अशीच फिराले निघाली. मीही रडली, अन् खरंच रडली. मेथीचं, अंगठ्याचं, सगळं त्यात निघालं. कवडूची माय हेल काढून म्हणते, "असा माणूस होणे नाई व माय, कोणाच्या बाईकडे कधी डोळा वर करून पाह्यलं नाई रे!"

चादरीतून आवाज आला, "तेवढं खोटं हाय व, कवडूची माय."

कवडूची माय जी उठली ते तुरीच्या तुराट्याच्या ढिगात जाऊन पडली. एकीनं देवाचं नाव घेतलं, एकीनं माह्या हाताले असं धरलं की बांगडी पिचकली. नत्थूजी उठून बसला, केस विस्कटलेले, अन् म्हणते, "काऊन थांबल्या व? रडा ना. आत्ता कुठी बुंदीपर्यंत आलतं." कुसुमबाई डोळे पुसत पुसत भडकली, "मेल्या, जित्ता हाय तर बोलाचं नाई का?" मंग कोणाच्या घरी बसाले आलो, कोणी सांगतलं, असं विचारता विचारता सगळ्यांनी बोट माह्याकडे केलं, अन् मी म्हणलं, मी तर डागदरणीनं सांगतलं म्हणून फिरून राह्यली. अशा हसल्या व बाया, अशा हसल्या, की एकीले उचकी लागली. (मोहिनी, पाह्य आता. तोंड नाई तर निदान पाठ हलली का?)

मी म्हणलं, नत्थूजी, तुम्ही पयल्या बोंबेलेच काऊन उठले नाई? तो खाली पाहून म्हणते, "शांता गेली तवापासून या आंगणात एवढ्या बाया आल्या नाई. मले वाटलं, उठलो तर तुम्ही जासान." हसतच म्हणलं, पण चादरीचं टोक डोळ्याले लागलं. मंग त्यानं स्वतः चूल पेटवून काळा चहा केला, दूध नोतं. कपही सगळ्यांना पुरले नाई, दोघींनी वाट्यात घेतला. निघाची वेळ झाली अन् पंचाईत. मयताच्या घरून निघतो तर "येतो" म्हणाचं नाई. पण मयत तर फाटकात उभं राहून कपं धरून राह्यलं. सगळ्या अडल्या. कोणी निघेना. शेवटी कुसुमबाईनं मोठ्यानं म्हणलं, "येतो व नत्थूभाऊ." मंग एकएकीनं, येतो भाऊ, येतो भाऊ. त्यानं प्रत्येकीले "येजो" म्हणलं. माह्या पायात चप्पल नाई हे पाहून शांताबाईची देली. ती चावत नाई.

तवापासून आमचं चालणं पक्कं झालं. सकाळी निघाचं, नत्थूजीकडे चहा प्याचा, परत याचं. दूध आम्ही नेत होतो, त्याच्या घरी त्याची सोय नोती. तो आम्ही याच्या आधी आंघोळ करून, टोपी घालून, फाटकात उभा राहे. गेल्या गेल्या त्याची फर्माईश, कुसुम, रड. अन् ती रोज नवं काईतरी काढून रडे, अरे माह्या नत्थूभाऊ, तुह्या हातच्या पाटवड्या रे, तुहा तो फाटका छत्ता रे. अन् तो मांडीवर हात मारून विचारे, अजून? अजून काय आठवलं माह्यातलं? मी तुले खरं सांगतो बाई, म्हातारपण काई गेलं नाई. गुडघे दुखते ते दुखतेच, अंगठा दबत नाई तो नाईच. पण त्या वाटेवर मले जुड्या आठवत नोत्या. एक दिवस प्रमिला म्हणते, आई, तुम्ही झोपेत हसून राह्यल्या होत्या.

(मोहिनी, हे पुढलं सावकाश वाचजो.) मागच्या आठवड्यात आम्ही गेलो तर नत्थूजी फाटकात नोता. खाटीवर, चादर ओढून. आम्हाले हसू आलं. म्हणलं, बुढ्याले आज मोठं नाटक पाहिजे. कुसुमबाईनं पदर तोंडाले लावला अन् हसत हसतच सुरू केलं, अरे माह्या नत्थूभाऊ, कसा गेला रे न सांगता. शिडी झाली, बुंदी झाली, पाटवड्या झाल्या. अन् मंग ती थांबली, नेहमीसारखी, तो विचारन म्हणून, अजून? आम्ही सगळ्या थांबलो. चुलीत लाकडं रचून ठेवलते, कपं धुवून पालथे मांडलते. कोणीच विचारलं नाई.

चादर मी काढली. कोणाले तरी काढावी लागतेच.

कुसुमबाईले मंग रडूच येईना, बाई. म्हणते, गिरजाबाई, माह्यापाशी काईच राह्यलं नाई, सगळं सांगून झालं त्याले. नागपूरहून पोरगा आला, सून आली, रितीनं सगळं झालं. तिसऱ्या दिवशी आम्ही बसाले गेलो, या बारी खऱ्याखुऱ्या. गपचूप बसलो, गपचूप उठलो. अन् फाटकाशी येता येता सवयीनं कुसुमबाईच्या तोंडून निघून गेलं, "येतो व नत्थूभाऊ." अन् आम्हा सगळ्यांच्या तोंडून, एकीमागून एक, येतो भाऊ, येतो भाऊ. त्याच्या सुनेनं असं पाह्यलं आमच्याकडे! पोरगा रागानं उठला अन् पुन्हा बसला. कुसुमबाईनं जीभ चावली. पण मी चावली नाई. म्हणाचं नोतं ते म्हणून गेलो, त्याले मी काय करू. त्याले आयकू गेलं असन तर बरंच वाटलं असन.

तू म्हणलं, आता काय राह्यलं. याचं उत्तर मले येत नाई. चौथीत नोतं. मी एवढंच पाह्यलं की तो माणूस दोन महिने रोज टोपी घालून फाटकात उभा राह्यला, अन् आम्ही म्हाताऱ्या त्याच्याकडे चालत गेलो, त्यात आमची सकाळ झाली. म्हणून सांगतो, खाटीखाली एक पाय सोड. मंग दुसरा सोड, तो पयल्याच्या मागं येतेच. मोहिनीचा हात धरून ओसरीपर्यंत जाय. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत. तिथी उभी राह्य. तळेगावात तुह्या ओळखीच्या इतक्या बाया हाय, एखादी तरी मागं लागन. जुनं लुगडं नेस फक्त.

बाकी सगळं ठीक. घरातल्या लहानांले आशीर्वाद. मोठ्यांले नमस्कार लिवाचा तर मोठं आता तुह्याशिवाय कोणी राह्यलंच नाई, म्हणून सगळा नमस्कार तुलेच, एकटीनं घेजो.

तुही धाकटी
गिरजा

ता.क. मोहिनी, मुंगाच्या वड्या केल्या असन तर कोणासंगं पाठवजो. इकडच्या अवकाळी पावसात भिजल्या. बाईच्या हातच्या असत्या तर भिजल्या नसत्या, ती आभाळ पाहून टाके.

दुसरं ता.क. बाई, वर इतकं शहाणपण लिवलं पण एक लिवलं नाई. त्या दिवसापासून मी चालाले गेली नाई. कुसुमबाई सकाळी वाटेवरून हाक मारते, मी म्हणतो पाय दुखते. पाय दुखत नाई. चप्पल दाराशी हाय, मी तिच्याकडे पाह्यतो अन् परत येऊन खाटीवर बसतो. मामाचं नाक हाय तिथीच हाय. म्हणजे तुले चाल म्हणणारी बाई सध्या स्वतःच बसून हाय. मोहिनी, हे वाचू नोको म्हणणार होती, पण आता वाचलंच असन.

शेवटचं ता.क. खरं सांगू का, चालण्यासाठी पत्र नोतं लिवलं. नत्थूजी गेल्यावर मी बसल्या बसल्या मोजाले लागली, मले कोण काय म्हणते. लहानू अन् प्रमिला आई म्हणते. गुंजन आजी म्हणते. ताराचंद माय म्हणते, कुसुमबाई गिरजाबाई म्हणते, राशनच्या दुकानात बुढी म्हणते. मायबाप गेले, मोठा भाऊ गेला, माहे हे गेले. मले झिपरी म्हणणारं जगात एकच तोंड राह्यलं हाय, अन् ते भिंतीकडे हाय. वेणी घालतांना तू मले गुडघ्यात दाबून धरत होती, अन् मी हलली की डोक्शात फणी मारून म्हणत होती, सरळ बस झिपरे. आता केसं राह्यले नाई फारसे, पण नाव तर माहं हाय ना? तू बोलली नाई तर ते नाव संपलं, बाई. मंग मी नुसती म्हातारी.

म्हणून चालू नोको. नाई चालाचं तर पडून राह्य, मी कोणाले काई म्हणू देणार नाई. हे वाचून झालं की मोहिनी फोन लावन अन् तुह्या कानाले धरन. मी या बारी बोलणार नाई, गप राहीन. तू फक्त एकदा म्हण. रागानं म्हण, फणी मारल्यासारखं म्हण, अन् मंग पाहिजे तर पुन्हा तिकडे तोंड कर. माह्या फोनची बॅटरी लवकर उतरते, म्हणून मी तो चार्जरच्या पिनेलेच लावून ठेवला हाय, अन् जवळच बसली हाय.